एकाच कार्डाविषयीं दोन साक्षी

२०२५ सालच्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या भाच्यानें एकाच आठवड्यांत एकाच वस्तूविषयीं दोन साक्षी दिल्या, आणि योगायोग असा कीं त्या दोन्ही त्याच्या वडिलांच्या कानीं पडल्या. वस्तु म्हणजे त्याच्या संगणकांतील ग्राफिक्स कार्ड. रविवारीं सकाळीं वडिलांपुढें उभें राहून त्यानें सांगितलें, "बाबा, हें कार्ड आतां कामाचें राहिलें नाहीं." गुरुवारीं संध्याकाळीं पवनीच्या एका मुलाशीं फोनवर बोलतांना तोच म्हणाला, "कार्ड एकदम चांगलें आहे भाऊ, डोळे मिटून घेऊन जा." आमचे मेहुणे भंडाऱ्यास भांड्यांचें दुकान चालवितात, घर दुकानाच्या माडीवर आहे, आणि जिन्यांतलें बोलणें गल्ल्यावर ऐकूं येतें. त्यांनीं तेथूनच विचारलें, "मला सांगतांना मोडींत निघालेलें, आणि त्याला सांगतांना चोख! दोघांपैकीं फसवतोस कोणाला?" मुलगा निरुत्तर झाला; आणि आम्ही पूर्वीं तर्कशास्त्र शिकवीत होतों एवढ्याच आधारावर हा खटला आमच्याकडे सोंपविण्यांत आला.

ज्या वाचकांच्या घरीं असा मुलगा नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. संगणकाच्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. खेळांतलें दृश्य हलतें राहावयाचें तर प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदांत अनेक वेळां नव्यानें ठरवावा लागतो. हें काम एका मोठ्या गणकापेक्षां अनेक लहान गणकांनीं एकदम केलेलें बरें, म्हणून तें या वेगळ्या पाटीकडे दिलेलें असतें. भाच्याच्या कार्डांत असे ८९६ गणक आहेत. सेकंदास किती चित्रें निघतात यावर कार्डाची प्रतिष्ठा अवलंबून. बोलपट सेकंदास चोवीस चित्रांवर चालतो, आणि प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ सालीं आला तेव्हां चित्रें कमी पडतात अशी तक्रार कोणीं केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. परंतु हा दाखला आम्हीं देतांच भाच्यानें तो खोडून काढला, आणि तो खोडण्यांत तो बरोबर होता. चित्रपट आपण नुसता पाहतों. खेळांत आपला हात चालतो, आणि हाताच्या हालचालीचें उत्तर पडद्यानें लगेच द्यावें लागतें.

तथापि त्याच हिशोबानें पुढें जाऊन पाहूं. सेकंदास तीस चित्रांवरून साठांवर गेलें असतां दोन चित्रांमधील अंतर सुमारें १७ सहस्रांश सेकंदानें कमी होतें. साठांवरून १४४ वर गेल्यास आणखी सुमारें १० सहस्रांश वांचतात. आणि १४४ वरून २४० वर गेल्यास जेमतेम तीन. लाभ असा उतरत जातो आणि किंमत मात्र चढत जाते. शिवाय भाच्याचा पडदा सेकंदास साठच चित्रें दाखविणारा आहे. कार्डानें त्याहून अधिक काढलीं तरी तीं त्यावर पुरतीं उमटणार नाहींत. ही गोष्ट त्याला ठाऊक होती. वडिलांना ती ठाऊक नव्हती.

खटला हातीं घेतल्यावर वस्तुस्थिति तपासणें प्राप्त होतें, म्हणून एक दुपार आम्हीं त्याच्या खोलींत घालविली. कार्ड जीटीएक्स १६५० जातीचें. एन्व्हिडिया कंपनीनें तें एप्रिल २०१९ मध्यें बाजारांत आणलें. स्मृति ४ गिगाबाइट. वीज खाणार फार तर ७५ वॉट, म्हणजे पूर्वींच्या एका तारेच्या दिव्याइतकी. संगणकासाठीं २०१५ सालीं निघालेला जीटीए-पांच हा खेळ त्यावर सुरळीत चालतो, व्हॅलोरंट चालतो, आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं २०२० सालीं काढलेला 'राजी' हाही चालतो. (हा शेवटला आम्हीं तासभर पाहिला, आणि चहा निवाला तरी उठलों नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.) उलट, डिसेंबर २०२४ मध्यें निघालेला इंडियाना जोन्सचा खेळ, प्रकाशकिरणांची वाट मोजणारी खास यंत्रणा कार्डांत असल्यावांचून सुरूच होत नाहीं, १६५० मध्यें ती नाहीं. १० ऑक्टोबर २०२५ रोजीं आलेल्या बॅटलफील्ड-सहाच्या कर्त्यांनीं किमान म्हणून आरटीएक्स २०६० हें कार्ड सांगितलें आहे, आणि तें भाच्याच्या कार्डाहून पुष्कळ वरचें. तेव्हां पहिली साक्ष खरी, आणि दुसरीही खरी. कार्डाला पोचा पडलेला नाहीं कीं त्याचें बूड झिजलेलें नाहीं. तें जसें घेतलें तसेंच आहे. जग पुढें सरकलें म्हणून तें मागें पडलें.

हा निकाल मेहुण्यांस रुचला नाहीं, आणि न रुचण्याचें कारण त्यांच्या धंद्यांत आहे. भंडारा हें पितळेचें गांव म्हणून ओळखलें जातें. येथें जुनी घागर घेऊन बाई दुकानांत आली, कीं ती घागर आधीं तराजूंत जाते. पोचे असोत, गळती असो, वजन भरेल तेवढी तिची मोड; आणि ती मोड नव्या घागरीच्या किंमतींतून वजा होते. जुनी घागर भट्टींत जाऊन पुन्हां कोणाची तरी घागर होते. 'मोडींत काढणें' हा शब्द आपण आतां तिरस्कारानें वापरतों. भांडेवाल्याच्या तोंडीं मात्र त्यांत तिरस्कार नाहीं, हिशोब आहे. तराजू गिऱ्हाइकास एक आणि दुकानदारास दुसरें असें सांगत नाहीं. ज्या माणसाचें सारें आयुष्य या तराजूजवळ गेलें, त्याला एकाच वस्तूची दोन वजनें ऐकून राग यावा यांत नवल नाहीं. त्यांतून नवें कार्ड, आरटीएक्स ५०६०, तीस हजारांच्या घरांत पडणार होतें. आमच्या जिल्ह्यांत मोठी रक्कम धानांत मांडल्याशिवाय कळत नाहीं. २०२५-२६ च्या हंगामासाठीं साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलास २,३६९ रुपये होती. म्हणजे हें कार्ड साडेबारा क्विंटलांहून अधिक धानाचें झालें. त्यावर तें १४५ वॉट वीज खाणार, त्याला वीज देणारी जुनी पेटी पुरणार नाहीं, म्हणून तीही नवी घ्यावयाची. एका वस्तूच्या आंतून दुसरी वस्तु निघते ती अशी.

तरी पण तराजूची ही थोरवी आम्हीं मेहुण्यांपुढें पुरती चालूं दिली नाहीं. त्यांच्या दुकानांत पितळेहून स्टीलच अधिक मांडलेलें आहे, हें कोणीही पाहूं शकतो. आमच्या मातोश्रींनीं घरांतलीं पितळी पातेलीं एकेक करून मोडींत घातलीं, तीं गळत होतीं म्हणून नव्हे. स्टीलला कल्हई लागत नाहीं, घासावयास तें हलकें, आणि शेजारच्या घरीं तें आलें होतें. या तीन कारणांपैकीं पहिलीं दोन त्या बोलून दाखवीत. तिसरें कधींच बोलल्या नाहींत. तेव्हां वस्तु न झिजतां जुनी होणें हा कांहीं संगणकानें आणलेला रोग नव्हे. संगणकानें त्याचा वेग तेवढा वाढविला. पातेलें जुनें व्हावयास एक पिढी लागली, कार्डाला सहा वर्षें पुरलीं.

विकणारांच्या साक्षींविषयीं तर बोलूंच नये. जानेवारी २०२५ मध्यें एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनीं व्यासपीठावरून सांगितलें, कीं ५४९ डॉलरांचें नवें आरटीएक्स ५०७० हें मागल्या पिढींतील सर्वांत बलवान अशा ४०९० चें काम देईल. परीक्षकांनीं मोजून दाखविलें, कीं हा हिशोब यंत्रानें मध्यें अंदाजानें भरलेलीं चित्रें धरूनच जमतो. हाताच्या हालचालीचें उत्तर त्या भरीच्या चित्रांनीं लवकर येत नाहीं. जेथें एवढ्या मोठ्या माणसाची साक्ष अशी, तेथें एकोणीस वर्षांच्या मुलास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करावयाचें कीं नाहीं, हाच प्रश्न.

आमच्या मतें करावयाचें. परंतु मेहुणे समजत होते त्या आरोपावरून नव्हे.

इसवी सनापूर्वीं ४४ सालीं रोमच्या सिसेरोनें आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागांत एका व्यापाऱ्याचें उदाहरण आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे; अलेक्झांड्रियाहून धान्याचें गलबत घेऊन हा तेथें पोहोंचतो; मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्याला ठाऊक आहे, गांवकऱ्यांना नाहीं. त्यानें तें सांगावें, कीं गप्प राहून चढा भाव घ्यावा? डायोजिनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर यांचीं यावर दोन मतें. गुरु म्हणतो, लपविणें निराळें आणि न सांगणें निराळें. मी विकावयास आलों आहें, सारें ज्ञान वाटावयास नव्हे. शिष्य म्हणतो, घेणाऱ्याच्या हिताची जी गोष्ट तुला ठाऊक आहे ती तूं त्याच्यापासून राखूं नयेस. सिसेरो शिष्याच्या बाजूस झुकतो. वाचणाराही सहसा तिकडेच झुकतो, विशेषतः तो स्वतः घेणारा असेल तर.

ही कसोटी लावून पाहतां भाच्याचा अपराध दिसूं लागतो. तो खोटें बोलला नाहीं. प्रत्येकापुढें त्यानें अर्धें ताट वाढलें, आणि कोणतें अर्धें तें ऐकणारा पाहून ठरविलें. पवनीच्या मुलाला नवे खेळ चालणार नाहींत हें सांगितलें नाहीं; वडिलांना जुने खेळ आणि सारा अभ्यास सुखानें चालतो हें सांगितलें नाहीं. घरांतल्या सर्वांचा ओढा पहिल्या मौनाला दोष देण्याकडे होता: परक्याचा पैसा, त्यांतून गरिबाचा. आम्हांस मात्र दुसरें मौन अधिक जड वाटलें. पवनीच्या मुलानें फोनवर किती प्रश्न विचारले हें आम्हीं नंतर ऐकलें. कार्ड किती तापतें, पंखा वाजतो का, पावती आहे का, नाणीं काढण्याच्या यंत्रांत तें रात्रंदिवस जुंपलेलें तर नव्हतें ना. तो गरीब असेल, पण आंधळा नव्हता. डायोजिनीसची सबब त्याच्या बाबतींत थोडी तरी टिकते. वडिलांपाशीं विचारावयास एकही प्रश्न नव्हता. त्यांच्यापाशीं फक्त मुलाचा शब्द होता. ज्याला तपासतां येत नाहीं त्याच्यापुढें अर्धें सत्य ठेवणें, हें तपासतां येणाऱ्यापुढें ठेवण्याहून वाईट. आणि घरांतले आपलेच म्हणून तेथें हा हिशोब आपण कधीं लावीतच नाहीं.

हें भाच्याला सांगितल्यावर तो रागावेल असें वाटलें होतें. तो म्हणाला, "मामा, पूर्ण सांगितलें असतें तर बाबांनीं घेऊं दिलें असतें का?" हा प्रश्न खोटा नव्हता. म्हणून आम्हीं उलट विचारलें, कीं चित्रांचे आंकडे सोड; गेल्या महिन्यांत या कार्डामुळें तुला स्वतःला नक्की कधीं वाईट वाटलें, तो एक प्रसंग सांग. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, कीं बारावीनंतर त्याचे चार मित्र तीन गांवीं गेले, दोन पुण्यास, एक नागपुरास, एक तुमसरलाच. रात्रीं दहा वाजतां सारे खेळांत भेटत, आणि खेळण्यापेक्षां बोलणेंच अधिक होई. कोजागिरीनंतर ते सारे नव्या खेळांत गेले. तेव्हांपासून दहा वाजतां तो एकटाच जुन्या खेळांत फिरतो.

"हें बाबांना कां नाहीं सांगितलेंस?"

"एकटें वाटतें म्हणून कोणी तीस हजार देतो का?"

सेकंदाच्या सहस्रांशांचा तो सारा पुरावा त्यानें कां गोळा केला होता, हें तेव्हां आम्हांस कळलें. गरज खरी होती. पण ती आपल्या नांवानें बाहेर येण्यास लाजत होती, म्हणून आंकड्यांचा अंगरखा घालून आली. आमच्या मातोश्रींचें तिसरें कारण आठवलें. अपरिग्रह आणि सत्य हे दोन्ही यम पतंजलीनें एकाच सूत्रांत सांगितले आहेत. आमच्या घरांत आजवर पहिल्यावर पुष्कळ व्याख्यानें झालीं, दुसरा आपोआप येईल असें आम्ही सारे धरून चाललों होतों.

त्यानें प्रथम पवनीला फोन केला आणि कोणते खेळ चालणार नाहींत ते नांवें घेऊन सांगितले. मे महिन्यांत पंखा वाजतो हेंही सांगितलें. पलीकडचा मुलगा हंसून म्हणाला, कीं तें मला ठाऊकच आहे, मला जीटीए-पांचच खेळायचा आहे. मात्र पंख्याबद्दल त्यानें पांचशें रुपये कमी करून घेतले. मग भाचा खालीं दुकानांत गेला. तेथें काय बोलणें झालें तें सारें आम्हांस ऐकूं आलें नाहीं; तो वर चढून येण्याच्या बेतांत असतां मेहुण्यांचा आवाज मात्र स्पष्ट आला.

"आणि ह्या नव्याची मोड काय येईल? पांच-सहा वर्षांनीं?"

भाचा जिन्यांत थांबला. "कांहीं येणार नाहीं असें धरून चाला, बाबा."

मेहुण्यांनीं वही ओढली, तीस हजारांचा आंकडा मांडला, आणि त्याच्यापुढें मोडीच्या रकान्यांत शून्य लिहिलें.