तो अजून माणूस आहे का?



मागच्या हिवाळ्यात मुलांच्या धम्मवर्गात मी पहिल्या शीलावर बोलत होतो. मुंगी, डास, रविवारची कोंबडी अशी नेहमीची चर्चा झाली. मग मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "अंकल, गेममध्ये माणसं बदलून राक्षस होतात ना, त्यांना मारलं तर शील मोडतं का? ते आता माणसं नसतात." सगळी मुलं हसली. मीही हसलो, "अरे, ते खोटं असतं," म्हणालो आणि दुसऱ्या शीलाकडे वळलो.

गाडीत बसल्यावर चुटपुट लागली. गेममधलं मरण खोटं असतं, हे त्या मुलाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्याने वेगळंच विचारलं होतं. समोरचा "आता माणूस राहिला नाही" असं एकदा ठरलं की शील सुटतं का? आणि हे ठरवतं कोण?

ईस्टरच्या सुट्टीत अ‍ॅबर्डीनला भाचीकडे गेलो होतो. ती तिथे इंजिनिअरिंग शिकते. तिला हा किस्सा सांगितला तर म्हणाली, "मामा, तुम्ही कधी गेम बघितलाय का तरी? बसा इथे." आणि तिने 'स्टिल वेक्स द डीप' सुरू केला. ब्रायटनच्या 'द चायनीज रूम' या कंपनीने २०२४ साली काढलेला हा गेम मी संध्याकाळभर शेजारी बसून पाहिला. माझ्या वयाच्या वाचकांनी हसू नये.

गोष्ट १९७५ च्या डिसेंबरची आहे. स्कॉटलंडजवळच्या उत्तर समुद्रात 'बेइरा डी' नावाचा तेलाचा प्लॅटफॉर्म. कॅझ मॅक्लिअरी हा तिथला इलेक्ट्रिशियन, आणि सुरुवातीलाच त्याला कामावरून काढून टाकलेलं. तेवढ्यात समुद्रतळाखाली खोल गेलेला ड्रिल कशाला तरी लागतो. तिथून जे वर येतं ते प्लॅटफॉर्मही तोडतं आणि माणसंही. जिने कलतात, पाणी आत घुसतं, पाइप फुटतात. कालपर्यंत एकाच टेबलावर जेवणारे कामगार फुगतात, ताणले जातात, भिंतींवरून सरपटत कॅझच्या मागे लागतात. त्याच्याकडे बंदूक नाही. लॉकरमध्ये लपायचं, एखादी वस्तू फेकून त्यांचं लक्ष दुसरीकडे वळवायचं आणि पळायचं, एवढंच.

शरीरं बघून किळस आली, पण मला त्रास झाला तो आवाजांचा. ते बदललेले लोक गुरगुरत नाहीत, बोलतात. आपल्याच आवाजात, आपल्याच ग्लासगो-एडिनबराच्या बोलीत रडतात, भांडतात, कुणाला तरी हाका मारतात. त्या मुलाचं वाक्य मला तिथे पुन्हा ऐकू आलं. ते आता माणसं नसतात. मग हे रडतंय कोण?

असा प्रसंग वाङ्मयात नवा नाही. एच. जी. वेल्स यांची 'द टाइम मशीन' ही कादंबरी १८९५ ची. तिचा नायक इसवी सन ८,०२,७०१ मध्ये पोहोचतो. तिथे जमिनीवर नाजूक, आळशी लोक राहतात आणि जमिनीखाली, यंत्रांच्या घरघरीत, मॉरलॉक. पांढरेफटक, उजेडाला भिणारे, रात्री वर येऊन माणसं खाणारे. नायक विहिरीसारख्या बोगद्यातून खाली उतरतो आणि त्यांच्या हातून कसाबसा निसटून वर येतो. हे मॉरलॉक कोण, याचा अंदाजही तो स्वतःच करतो: पिढ्यान् पिढ्या जमिनीखाली ढकललेल्या कामगारांचे हे वंशज. एवढं कळूनही पुढे एका पडक्या संग्रहालयात यंत्राचा दांडा तोडून हातात घेतल्यावर तो कबूल करतो की एखाददुसरा मॉरलॉक मारायची त्याला हौस आली होती. आपल्याच वंशजांना मारावंसं वाटणं अमानुष आहे, हेही तो मान्य करतो. पण त्यांच्यात माणूसपण जाणवतच नव्हतं, असं म्हणून मोकळा होतो.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेवर लिहिताना एक फरक दाखवला आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. जिथे निव्वळ इच्छा आहे तिथली हत्या बुद्धाने निषिद्ध मानली, असं ते सांगतात. आपल्यापैकी अनेकांनी हे वाचलं आहे, भाषणांतही वापरलं आहे. मीही वापरलं आहे, आणि प्रत्येक वेळी असं सांगितलं की जणू हे दोन वेगळे डबे आहेत, कृत्य उचलायचं आणि एकात टाकायचं. वेल्सचा नायक माझी ही सोय मोडतो. त्याला गरज होती, अंधारात त्याच्यावर खरंच हल्ला होत होता. आणि इच्छाही होती. दोन्ही एकाच हातात, एकाच दांड्यात. गरज खरी असली तरी तिच्या पाठीवर बसून इच्छा आत येते, आणि "तो माणूस नाही" हे वाक्य तिला दार उघडून देतं.

हे दार आपल्याला ओळखीचं आहे. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी आपले लोक प्यायले. ज्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, ते नंतर "शुद्ध" करून घेण्यात आलं. इथे मला जपून लिहायचं आहे. गेममधले बदललेले लोक खरोखर जीव घेतात, महाडला कुणी कुणाचा जीव घ्यायला गेलं नव्हतं, गेले होते ते पाणी प्यायला. तुलना माणसांची करत नाही, वाक्याची करतो आहे. तळं शुद्ध करणाऱ्यांना समोर तहानलेला माणूस दिसत असणारच. पण दिसूनही बघावं लागू नये, अशी सोय आधीच झालेली होती. म्हणून "हा आता माणूस नाही" असं कुणीही, कुठल्याही निमित्ताने म्हटलं की आपल्या लोकांनी तरी दचकायला हवं. आपण त्या वाक्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिलेलो आहोत.

अंगुलिमालाची गोष्ट इथे कुणी काढेल. भाचीनेही काढली. पण अंगुलिमाल ऐकू शकत होता, थांबू शकत होता. ज्याला थांबताच येत नाही त्याच्यापुढे काय करायचं, हे त्या गोष्टीत मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला हेझलहेड पार्कमध्ये नेलं. तिथे पायपर अल्फाचं स्मारक आहे, तेल कामगारांचे तीन पुतळे. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या या प्लॅटफॉर्मवर गॅसचा स्फोट झाला आणि १६७ माणसं गेली. त्यांतले दोघे वाचवायला आलेल्या नावेवरचे होते. ६१ जण वाचले. दुरुस्तीसाठी एका पंपाचा सुरक्षा झडप काढलेला होता, हे रात्रपाळीला कळलंच नाही आणि त्यांनी तोच पंप सुरू केला. इथे कुठलेही राक्षस नव्हते.

मला हलवून गेलं ते पुढचं. आपत्तीत राहण्याच्या इमारतीत जमायचं आणि सूचनेची वाट पाहायची, असा तिथला नियम होता. पुष्कळ जण जमले, सूचना आलीच नाही, आणि धुराने ते तिथेच गेले. वाचलेल्यांत बरेच जण असे की ज्यांनी नियम बाजूला ठेवला, वाट शोधली, दोरांवरून उतरले किंवा उंचावरून थेट समुद्रात उड्या टाकल्या. शेजारच्या क्लेमोर आणि टार्टन प्लॅटफॉर्मवरच्या लोकांना आग दिसत होती. तरी त्यांचं उत्पादन लगेच थांबलं नाही, कारण ते बंद करायचा अधिकार आपल्याला आहे असं तिथल्या प्रमुखांना वाटलं नाही. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला, त्यात १०६ शिफारशी होत्या.

स्मारकापाशी उभं असताना बाबासाहेबांचा त्याच प्रकरणातला दुसरा मुद्दा आठवला. बुद्धाने अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितलं, नियम म्हणून नाही. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळं ठेवतं, नियम ठेवत नाही. पूर्वी मला हे नियमातून मिळालेली सवलत वाटायची. तत्त्व म्हणजे जरा सैल, जरा सोयीचं. आता उलट वाटतं. नियम पाळणाऱ्याला एकदाच ठरवावं लागतं. "कुणालाच कधीच मारायचं नाही" हा नियम आहे, आणि "माणूस नसेल तर मारायला हरकत नाही" हाही नियमच आहे. दोन्हींत समोरच्याकडे पुन्हा बघायची गरज उरत नाही. तत्त्वात मात्र दर वेळी बघावं लागतं. हा अजून माझ्या अंगावर येतोय का? की तो पडला आहे, आंधळा झाला आहे, आणि मीच अजून दांडा फिरवतो आहे? वेल्सच्या नायकाच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. जंगलाला आग लागून मॉरलॉक उजेडाने आंधळे होतात, असहाय भटकायला लागतात, हे दिसल्यावर तो मारणं थांबवतो. गरज संपली तिथे त्याचा हात थांबला. त्या एका क्षणी त्याने त्यांच्याकडे पाहिलं होतं.

त्या रात्री भाचीने गेम संपवला. ज्यांना तो खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. शेवटी कॅझला घरी जाता येत नाही. खालून आलेलं ते किनाऱ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून तो लायटर पेटवतो आणि सगळा प्लॅटफॉर्म उडवतो, स्वतःसह आणि त्या रडणाऱ्या आवाजांसह. मी म्हणालो, ही गरज होती, द्वेष कुठेच नव्हता. भाची म्हणाली, "पण मामा, त्यांना कुणी विचारलं का? त्यांना बोलता येत होतं." मी किनाऱ्यावरच्या लोकांचं सांगितलं. ती म्हणाली, किनाऱ्यावरच्यांच्या नावाने नेहमीच सगळं करता येतं. बराच वेळ आमचं जमलं नाही, अजूनही जमलेलं नाही. त्या मुलाला मात्र पुढच्या वर्गात मी एवढं सांगणार आहे की मी त्याच्या प्रश्नावर हसलो ते चुकलं, आणि मग हे सगळं त्याच्यापुढे मांडणार आहे.

आदल्या संध्याकाळचं एक राहिलं. कॅझ लॉकरमध्ये दडलेला, बाहेरून ते बदललेलं शरीर घासत, पुटपुटत चाललेलं. मला धीर निघेना. मी म्हणालो, "अगं, त्या राक्षसाला काहीतरी फेकून मार आणि पळ ना." तिने पडद्यावरची नजर न हलवता सांगितलं, "थांबा मामा, जाऊ द्या त्याला. तो माझ्याच शिफ्टचा आहे."