सणापुरती बाटली

आपल्या बारमध्ये स्ट्राँग बियर मागणाऱ्याला चवीशी फारसे देणेघेणे नसते. कमी पैशात लवकर चढली पाहिजे, बाटली चिल्ड पाहिजे, बस. बेल्जियममधली नाताळची काळी बियर, म्हणजे तिथली एल, आपल्या स्ट्राँगपेक्षाही कडक असते. आपल्याकडे बियरची कायदेशीर कमाल ८ टक्के अल्कोहोल. त्या एलचा हिशेब बहुधा तिथूनच सुरू होतो आणि १२ पर्यंत जातो. तरीही ती घाईने पिणारा तिकडे अडाणी ठरतो.

सुटीवर आलेल्या भाच्याने आणलेली अशी एक बाटली आम्ही तिघांनी नागपूरजवळ कोराडीत गच्चीवर उघडली. "मामा, फ्रीजमध्ये नका ठेवू," असे त्याने आधीच बजावले होते. ही एल १२ अंशांच्या आसपास प्यायची, आणि डिसेंबरातल्या नागपुरी रात्रीचा पारा साधारण तिथेच असतो. रंग काकवीसारखा, वर जाड बदामी फेस. वास खजुराचा, मनुकांचा, करपत आलेल्या साखरेचा, मागून किंचित लवंगेचा. लवंग घातलेली नसतानाही हा वास येतो. ती करामत यीस्टची. एवढ्या वासानंतर जीभ गोडाची तयारी करते आणि घोट मात्र कोरडा संपतो, छातीत ऊब ठेवून. कारण त्यात घातलेला काळा साखरपाक यीस्ट जवळजवळ सगळा फस्त करते: अल्कोहोल वाढतो, दाटपणा वाढत नाही. आपले कारखानेही स्ट्राँगसाठी साखर वापरतातच. पण इथे ती घाईच्या कामी येते. तिकडे बाटलीतही यीस्ट जिवंत ठेवतात, आणि माल महिनोन् महिने मुरू देतात.

कडकपणामागे कायदाही होता. १९१९ मध्ये एमिल व्हॅन्डरव्हेल्ड या समाजवादी मंत्र्याच्या कायद्याने बेल्जियमच्या कॅफेंत जिन वगैरे विकायला बंदी आली, आणि गिऱ्हाईक कडक बियरकडे वळले. पिणाऱ्याला एका दारातून हाकला, तो दुसरे शोधतो. बाजारही काही कमी नाही. स्टेला आर्त्वा १९२६ मध्ये ल्यूव्हन शहरात नाताळची बियर म्हणून निघाली होती. ती खपली, बारमाही झाली, आणि नाताळ गळून पडला.

मोहाच्या दारूचे आपण हेच केले. गोंडांच्या घरी ती जन्माला, लग्नाला, मरणाला लागे. पहिले थेंब जमिनीवर, देवाला आणि पूर्वजांना. इंग्रजी अबकारीने भट्टीचा ठेका केला, दुकान बारा महिने उघडे ठेवले. मग दुसरे टोक: वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ते २०२१. या बंदीसाठी बायका रस्त्यावर उतरल्या, त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार गच्चीवर एल चाखणाऱ्याला नाही. ज्या घरात रोज संध्याकाळी मार बसतो, तिथे मुरवण्याच्या गप्पा कोण ऐकणार? तरी मला वाटते, परवाना आणि बंदी दोघेही लिटर मोजतात. आधीचा हिशेब तिथींचा होता, आणि तो मोडल्याची नोंद कुणाच्याच वहीत नाही.

तिथीचा धाक अगदीच संपला असेही नाही. नवरात्रात नागपूरहून लोक अनवाणी कोराडीच्या जगदंबेला चालत येतात, आणि इथले कित्येक पट्टीचे पिणारे नऊ दिवस थेंबाला शिवत नाहीत. ना पोलीस लागतो, ना परमिट. दसरा उलटला की मात्र बारमध्ये टेबल मिळत नाही.