हळदीचा पिवळा, मांडवाचा पिवळा

हळदीचे फोटो काढताना माझ्यासमोर दोन पिवळे असतात. एक नवरीच्या गालावरच्या हळदीचा. दुसरा मांडवाच्या पिवळ्या कापडातून गाळून आलेल्या उन्हाचा. तो तिच्या कपाळावर, आजीच्या पांढऱ्या केसांवर सारखाच पसरलेला. चौकटीतल्या रंगांची सरासरी राखाडीच असणार, असं कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स ढोबळमानाने धरून चालतो. त्यामुळे तो दोन्ही पिवळे कापतो. हळद फिकी पडते, चेहरा निळसर, आजारी दिसतो.

वस्तूचं स्वतःचं काय आणि तिच्यावर बाहेरून आलेलं काय, हा वेदान्ताचा जुना प्रश्न. स्फटिकाजवळ जास्वंद ठेवली की स्फटिक लाल दिसतो. जास्वंद ही उपाधी, आपला रंग बाहेरून चढवणारी. ती हलवली की स्फटिक मुळात नितळच होता हे कळतं. पण मला मांडव हलवता येत नाही. माणसालाही आपलं घर, आपली भाषा, आपला काळ काढून बाजूला ठेवता येत नाही. मग मूळ रंग कळायचा कसा?

माझ्या कामात त्यासाठी ग्रे कार्ड असतं. हा राखाडी पुठ्ठा प्रकाशातले सगळे रंग जवळजवळ सारख्याच प्रमाणात परत पाठवतो. तो नवरीच्या चेहऱ्यालगत धरून फोटो घ्यायचा आणि हाच राखाडी, असं कॅमेऱ्याला सांगायचं. पुठ्ठ्यावर मांडवाचा पिवळा पडतो, पण त्याला हळद लागलेली नसते. म्हणून तेवढा प्रकाशाचाच रंग वजा होतो आणि हळद गालावर राहते. अट एकच, पुठ्ठा तिच्याच उजेडात हवा. मी मांडवाबाहेर उन्हात उभी राहून तो माझ्यापाशी धरला, तर माप खोटं ठरतं. दुसऱ्याबद्दल मत बनवणाऱ्यालाही हीच अट आहे, असं मी मानते.

ओळखलेली उपाधी पुसलीच पाहिजे असंही नाही. समईच्या ज्योतीचा उजेड साधारण १९०० केल्व्हिनचा, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास. देवघरातला फोटो उन्हासारखा पांढरा करता येतो. मी करत नाही. तिथे बसलेल्यांनाही तो उजेड सोनेरीच दिसत असतो.

मात्र “ताई, मुलीला जरा उजळ करा” म्हणणाऱ्यांना मी स्पष्ट नकार देते. देहाचा वर्णही उपाधीच, असं वेदान्ती म्हणेल. खरं आहे. पण ते तिने स्वतःच्या शोधात स्वतःविषयी म्हणायचं. दुसऱ्याने तिचा रंग खोडायला ते तत्त्वज्ञान वापरणं हा अन्याय आहे. सावळ्या विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवणाऱ्या घरात तर ही मागणी मला भक्तीशीच विसंगत वाटते. परकं असेल तेवढंच वजा करावं आणि जिचं तिला पुरतं द्यावं. अचूक रंगाचा माझ्यापुरता धर्म हाच.