भाता आणि नळ्या



पावसाळ्याच्या अखेरीस शहरांतील एका मंडळीचें विनंतिपत्र आमच्या कर्जत-खालापूरकडील मंडळ्यांस आलें. तेथील देवालयांतल्या नळ्यांच्या ऑर्गनाची दुरुस्ती करून त्यास नव्या नळ्यांची भर घालावयाची आहे, तरी यथाशक्ति वर्गणी द्यावी, असा त्यांतील मजकूर होता. उपासनेनंतर मीं तें वाचून दाखविलें. तेव्हां भातलावणीच्या मजुरीवर पोट भरणारी एक वृद्ध बहीण उठून म्हणाली, "पाळकसाहेब, आपल्या पेटीचा भाता फाटलाय, तो सांधायला पैसा नाही, अन् तिकडं नळ्या वाढवायच्या?" मला उत्तर सुचलें नाहीं.

असा खर्च गरिबांसाठीं कां करूं नये, हा प्रश्न जुना आहे. बेथानींत बहुमोल सुगंधी तेल ओतलें गेलें तेव्हां यहूदानें तोच केला, आणि प्रभूनें त्या स्त्रीचा पक्ष घेतला. परंतु तिनें ओतलें तें तेल तिचें स्वतःचें होतें, शेजारणींकडून वर्गणी काढून आणिलेलें नव्हतें, हें आपण सोयीनें विसरतों.

माझ्या मतें दुरुस्ती आणि वाढ हे दोन निराळे प्रश्न आहेत. मुंबईचें सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ सालीं उघडलें. अशा जुन्या देवालयांतून पूर्वजांनीं हीं वाद्यें मोठ्या खर्चानें बसविलीं. आपल्या दमट हवेंत भात्याचें चामडें तडकतें, लांकूड फुगतें, वाळवी लागते. ज्यांनीं तें दान दिलें ते आतां बोलूं शकत नाहींत. त्यांचें दान कुजूं देणें ही कृतघ्नता होय. म्हणून दुरुस्ती हें ऋण फेडणें आहे. वाढ ही मात्र इच्छा आहे, आणि इच्छेची परीक्षा केली पाहिजे.

ऑर्गनाची एक नळी एकच सूर देते. ६१ पट्ट्यांच्या वाद्यास नळ्यांची एक पूर्ण रांग जोडावयाची तर ६१ नळ्या लागतात. त्या सर्वांस वारा भात्यांतून मिळतो. वारा पुरेसा नसतां नळ्या वाढविल्या, तर नव्याच नव्हे, जुन्याही नळ्या बेसूर होतात. खोपोलीस १९१५ सालापासून घाटावरील तलावांचें पाणी लोखंडी नळांतून उतरून वीज करितें. तलावांत पाणी नसतां नुसते नळ वाढविले, तर वीज वाढेल काय?

पूर्वी विजेचा पंखा नव्हता, तेव्हां ऑर्गनामागें एक मनुष्य भात्याचा दांडा ओढीत बसे. मंडळीस तो दिसत नसे. स्तुति वाजविणाराची होई. आमची ती बहीण त्याच जागीं बसलेली आहे, असें मला वाटलें.

मीं शहरच्या मंडळीस लिहिलें कीं, भात्याच्या चामड्यासाठीं आम्ही कांहीं पाठवूं, नव्या नळ्यांसाठीं नाहीं. आमची पेटी येथील एका बंधूनें चामड्याची पट्टी चिकटवून सांधून दिली आहे. पुढच्या रविवारीं त्या बहिणीनें "भात्यासाठी" म्हणून दहा रुपये माझ्या हातीं ठेविले. कोणत्या भात्यासाठीं, हें मीं विचारलें नाहीं.