त्या एका तासाचे मोल

दिवसभर एक नोकरी आणि सायंकाळनंतर दुसरी, असा संसार ओढणारा माणूस रात्री उरलेला तासभर मोबाइलवरील खेळात घालवितो. हे योग्य की अयोग्य? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. तथापि आज अनेक घरांत याच प्रश्नावरून आई आणि मुलगा, पती आणि पत्नी यांच्यात अबोला धरला जातो. एकाला तो तास हक्काचा वाटतो, दुसऱ्याला तो चोरलेला वाटतो. म्हणून या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करावयास हवा.

असा विचार करावयास हावड्यासारखे दुसरे शहर नाही. नागपूरकडून येणाऱ्या मराठी प्रवाशाला हावडा म्हणजे लोहमार्गाचा शेवट, एवढेच ठाऊक असते. स्थानकाबाहेर आले की पूल ओलांडून तो कोलकात्यात शिरतो. परंतु नदीच्या अलीकडच्या या काठावर तागाच्या गिरण्या, ओतकामाचे लहानमोठे कारखाने आणि रेल्वे यांच्या आधारे पिढ्यानपिढ्या माणसे जगत आली आहेत. येथे काम कधी थांबत नाही, आणि फुटबॉलही थांबत नाही. कष्ट आणि खेळ यांचा संबंध या शहराने फार जवळून पाहिला आहे.

प्रथम या नव्या खेळांचे स्वरूप समजून घेऊ. फँटसी फुटबॉल म्हणजे काल्पनिक संघाचा फुटबॉल. इंग्लंडच्या प्रीमियर लीगवर आधारलेला असा खेळ २००२ पासून चालू आहे आणि तो विनामूल्य आहे. खेळणाऱ्याला दहा कोटी पौंडांचे काल्पनिक भांडवल मिळते. त्यातून तो खऱ्या खेळाडूंपैकी पंधरा जण निवडतो, त्यांतील अकरांना मैदानात उतरवितो, एकाला कर्णधार नेमतो. प्रत्यक्ष सामन्यात त्या खेळाडूंनी जशी कामगिरी केली तसे गुण त्याच्या खाती जमा होतात. कर्णधाराचे गुण दुप्पट धरतात. आठवड्याचा पहिला सामना सुरू होण्याच्या दीड तास आधी संघ निश्चित करावा लागतो. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रात्री आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुरू होतो, हेही लक्षात घ्यावे. व्हिडिओ गेमची तऱ्हा वेगळी आहे. अनेकांनी मिळून खेळावयाच्या लढाईच्या खेळात डाव मध्येच थांबविता येत नाही. आपण उठलो तर साथीदारांचा डाव बिघडतो; म्हणून जेवण निवत राहते आणि हाक ऐकू येऊनही उत्तर दिले जात नाही.

पोटापाण्याचे काम सांभाळून खेळणे ही काही नवी गोष्ट नव्हे. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. त्या अकरा जणांत कोणी खेळावर पोट भरणारा नव्हता. कोणी नोकरी करी, कोणी शिकत असे. दहा जण अनवाणी खेळले. बूट घालणारे एकटे सुधीर चटर्जी हे ख्रिस्ती होते. भवानीपूरच्या मिशनरी महाविद्यालयात ते अध्यापन करीत आणि पुढे ते धर्मोपदेशक झाले. हावड्यात जन्मलेले शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. त्यांचा चरितार्थ मात्र भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील नोकरीवर चालत असे. हावड्याच्या क्रीडांगणाला आज त्यांचे नाव आहे. या माणसांनी खेळासाठी वेळ काढला म्हणून त्यांना कोणी आळशी म्हटले नाही.

मग मोबाइल हाती घेणाऱ्यालाच दोष का द्यावा? मैदानावरील खेळ सूर्य मावळला की संपत असे. अंगाला थकवा येई, तो झोप आणीत असे, आणि खेळून परतणारा माणूस चार सोबत्यांबरोबर बोलत घरी येई. नव्या खेळाला सूर्यास्त नाही. हा भेद मोठा आहे आणि त्याकडे आपण पुढे वळणार आहोत. परंतु त्याआधी एक कर्तव्य पार पाडले पाहिजे. जो माणूस दोन नोकऱ्या करतो, त्याच्या विश्रांतीचे काय झाले, हे विचारले पाहिजे.

हुगळीच्या काठावरील तागाच्या गिरण्यांत १८९० च्या दशकात विजेचे दिवे आले. तोवर अंधार पडला की यंत्रे थांबवावी लागत. दिवे आले आणि कामाचा दिवस रात्रीत शिरला. माणसाला दिसावे म्हणून आलेल्या प्रकाशाने माणसाची झोप हिरावून घेतली. त्याच सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे हे गिरणी कामगारांसाठी आठवड्याची एक सुटी मागत होते. लोखंडे सत्यशोधक होते, महात्मा फुल्यांचे सहकारी होते, 'दीनबंधू' पत्राचे संपादक होते. १८८४ साली त्यांनी मागणी मांडली आणि सहा वर्षांच्या झगड्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ज्या रविवारला आपण सहज आपला समजतो, तो महाराष्ट्रातील कष्टकऱ्याच्या दारी एका सत्यशोधकाने आणून पोहोचविला, हे ख्रिस्ती माणसाने कृतज्ञतेने स्मरावे.

पवित्र शास्त्रातील शब्बाथाची आज्ञाही याच दृष्टीने वाचली पाहिजे. ती केवळ घरधन्याला उद्देशून नाही. दास, दासी, परदेशी, इतकेच नव्हे तर बैल आणि गाढव यांनाही त्या दिवशी विसावा द्यावा, असे ती आज्ञा सांगते. अनुवादाच्या ग्रंथात तिचे कारणही दिले आहे: तुम्ही मिसर देशात दास होता, याची आठवण ठेवा. म्हणजे विश्रांती हे चांगल्या कामाचे बक्षीस नाही. ज्याने काम पुरे केले त्यालाच ती मिळावी असे असते, तर बैलाला ती कधीच मिळाली नसती. मनुष्य दास नाही, या सत्याची ती खूण आहे.

आपल्या देशाच्या कायद्यानेही हे तत्त्व ओळखले होते. १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती, साप्ताहिक सुटी होती, आणि एका कारखान्यात काम केलेल्या मजुराला त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात कामास लावू नये, असाही एक नियम होता. थकलेला हात यंत्रात सापडतो, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते. आता दुसरी नोकरी बहुधा कारखान्यात नसते. ती मोटारसायकलीवर असते, एखाद्या दुकानाच्या हिशेबात असते, रात्रीच्या पहाऱ्यात असते. तेथे ते तास कोण मोजणार? घरभाडे, मुलांची फी आणि आईवडिलांची औषधे एका पगारात भागत नाहीत, म्हणून माणूस आपली विश्रांती विकतो. अशा माणसाला रात्रीच्या तासाभराच्या खेळाबद्दल उपदेश करण्यापूर्वी, त्याचे उरलेले तास कोणी घेतले हे विचारणे न्यायाचे ठरेल.

येथवर आपण त्या माणसाची बाजू पाहिली. आता दुसरी बाजू पाहू; आणि त्यासाठी हावड्याजवळच राहून गेलेल्या एका थोर पुरुषाकडे वळू.

विल्यम केरी यांना मराठी माणसाने विसरता कामा नये. नदीच्या याच काठावर, हावड्याच्या उत्तरेस असलेल्या श्रीरामपुरातून त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. केरी यांच्या आयुष्यात एकच नोकरी अशी क्वचितच होती. इंग्लंडमध्ये ते चर्मकारी, शिक्षकी आणि पाळकपण एकाच वेळी करीत. बंगालमध्ये आल्यावर निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहत त्यांनी बायबलचे भाषांतर चालविले. १८०१ पासून कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात अध्यापन आणि श्रीरामपुरात मिशनचे काम, अशा दोन चाकांवर त्यांचे जीवन चालले. इतक्या कामातूनही त्यांनी एक छंद सोडला नाही. तो बागेचा. श्रीरामपुरात त्यांनी झाडांची मोठी बाग उभी केली. हावड्यात शिबपूरला १७८७ साली स्थापन झालेल्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग हे त्यांचे स्नेही होते. रॉक्सबर्ग यांच्या मृत्यूनंतर त्यांचा वनस्पतींवरील ग्रंथ केरी यांनीच संपादून छापला. बागेतील तो वेळ वाया गेला असे कोण म्हणेल? त्या विसाव्यानेच तर त्यांना पुढच्या कामाचे बळ दिले.

परंतु याच चरित्राचे दुसरे पान वाचताना मन जड होते. केरी यांच्या पत्नी डोरोथी यांना भारतात आल्यावर लहानग्या पीटरचा मृत्यू सोसावा लागला. त्यांचे मन ढळले ते पुन्हा सावरले नाही. १८०७ साली त्यांचे निधन झाले. वडील कामात बुडालेले आणि आई आजारी, अशा स्थितीत मुलांना वळण लावण्याचे काम सहकारी वॉर्ड आणि मार्शमन दांपत्य यांना अंगावर घ्यावे लागले. केरी यांची निंदा करण्यासाठी हे सांगावयाचे नाही. डोरोथींचे दुखणे बरे करणारे वैद्यक त्या काळी नव्हते. तरीही शिकण्यासारखी गोष्ट एक आहे. त्या घरात कोणी खेळात वेळ दवडीत नव्हते. जे चालले होते ते सर्व उत्तम काम होते. भाषांतर, अध्यापन, सेवा, बाग. आणि त्या उत्तम कामाचीही किंमत घरातील कोणीतरी मोजीत होते.

म्हणून मला वाटते की, खेळावर किती वेळ जातो हा प्रश्न अपुरा आहे. त्या तासाचे मोल कोण देतो, हा खरा प्रश्न आहे. दिवसाचे तास चोवीसच. दोन नोकऱ्यांनी त्यांतील बहुतेक नेले. उरलेल्यांतून खेळाचा तास कोणाच्या वाट्यातून निघतो? स्वतःच्या झोपेतून निघत असेल, तर त्याची फेड दुसऱ्या दिवशी रस्त्यावर, वाहन चालविताना करावी लागेल. पत्नी दिवसभराचे काही सांगू पाहते आणि तिला नुसते हुंकार मिळतात, तर मोल ती देते. मूल वडिलांची वाट पाहून झोपी जाते, तर मोल ते देते; आणि त्याला हिशेब मागता येत नाही. उलट घरातील सर्वांना ठाऊक असलेला, त्यांनी आनंदाने दिलेला आणि ठरल्या वेळी संपणारा तास असेल, तर तो निर्मळ विसावा आहे. त्याबद्दल मनाला टोचणी लावून घेण्याचे कारण नाही.

ही कसोटी वाटते तितकी सोपी नाही, कारण खेळाचीही स्वतःची इच्छा असते. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर नुकसान, मित्र पुढे गेल्याची सूचना. अशा युक्त्यांनी खेळ माणसाला परत बोलावितो. मग संघाची निवड, वेळेची मुदत, गुणांचा हिशेब आणि इतरांशी तुलना, हे सर्व नोकरीसारखेच होऊन बसते. दोन नोकऱ्या करणाऱ्याला नकळत तिसरी लागते, आणि तिला पगारही नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आजारांच्या यादीत खेळाच्या व्यसनाला स्थान दिले आहे. स्वतःवरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अधिक महत्त्व येणे आणि हानी दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. खेळणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ते गाठते. पण लक्षणे प्रत्येकाने ओळखून ठेवावीत.

पैसे लावून खेळण्याचा मुद्दा तर अगदी स्पष्ट आहे. थकलेल्या माणसाला तिसरी मिळकत म्हणून ते आमिष दाखविले जाई. तेथे खेळाचे मोल घराच्या किराण्यातून निघत असे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली, आणि त्यानंतर मुंबईत सुरू झालेल्या ड्रीम इलेव्हननेही आपल्या पैशांच्या स्पर्धा थांबविल्या. कायद्याने एक दार बंद केले. परंतु वेळेचा जुगार कोणताही कायदा थांबवू शकत नाही. तो ज्याचा त्यानेच थांबवावयाचा असतो.

तथापि एक गोष्ट विसरू नये. घरापासून दूर, हावड्यासारख्या परमुलखात एका खोलीत राहणारा तरुण आपल्या गावाकडील भावाबरोबर किंवा वर्गमित्रांबरोबर असा काल्पनिक संघ चालवीत असेल, तर आठवड्यातून एकदा होणारी ती थट्टामस्करी त्याला माणसांत ठेवते. तेथे खेळ हे निमित्त असते आणि नाते हा लाभ असतो. हाच खेळ दुसऱ्या एखाद्याला समोर बसलेल्या माणसांपासून तोडतो. म्हणून खेळाचे नाव ऐकून निवाडा करू नये. खेळून झाल्यावर माणूस कोणाकडे वळतो, ते पाहावे.

मंडळीतील वडीलधाऱ्यांनाही यात काम आहे. रविवारी उपासनेला न आलेल्या तरुणाला जाब विचारण्याआधी, त्याला त्या दिवशी कामावरून सुटी होती काय, हे विचारावे. त्याच्या मुलाची अभ्यासाची एक संध्याकाळ कोणी सांभाळली, त्याच्या आईला दवाखान्यात कोणी नेले, तर त्याच्या आठवड्यात दोन तास मोकळे होतील. आपण दिलेले ते दोन तास तो कसे घालवील, याची अट मात्र घालू नये. कदाचित तो झोपेल, कदाचित मुलाशी बोलेल, कदाचित आपल्या संघाचा कर्णधार बदलील. विसावा देणाऱ्याने हिशेब मागितला, तर तो विसावा राहत नाही. ती आणखी एक नोकरी होते.