भक्षक, भक्ष्य आणि पेशीतील पटल

जो खातो तोच खाल्लाही जातो, अन्न आणि अन्नाचा भोक्ता हे अखेर एकच, हा विचार तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत येतो. त्याला पेशीविज्ञानाचा आधार जोडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो आधार कितपत टिकतो, हे लयकारिकेच्या कार्यावरून तपासता येते.

लयकारिका ही पेशीतील, एकेरी पटलाने वेढलेली सूक्ष्म पिशवी असून तिच्यात प्रथिने, मेद, शर्करा इत्यादींचे विघटन करणारी सुमारे ६० विकरे, म्हणजे रासायनिक क्रियांना वेग देणारी प्रथिने, असतात. बेल्जियन शास्त्रज्ञ ख्रिस्तियान द दूव यांनी १९५५ मध्ये तिचे नामकरण केले. त्यापूर्वी उंदराच्या यकृतातील एक विकर ताज्या नमुन्यात मंद, तर काही दिवस थंडीत ठेवलेल्या नमुन्यात प्रभावी असल्याचे त्यांना आढळले होते, कारण दरम्यान पटल फाटून कोंडलेले विकर मोकळे झाले होते. बाहेरून आत घेतलेला जीवाणू लयकारिकेत पचतो, तसेच पेशीचे स्वतःचे जीर्ण भागही दुपदरी पटलात गुंडाळले जाऊन तेथेच विघटित होतात आणि त्यांतून सुटलेली अमिनो आम्ले नव्या प्रथिनांच्या घडणीला लागतात. या क्रियेला स्वभक्षण म्हणतात. तिच्यामागील जनुके किण्वपेशींत शोधल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इतकेच नव्हे, तर इजा झालेली लयकारिका स्वतःच दुसऱ्या लयकारिकेचे भक्ष्य होते; येथवर उपनिषदाशी साम्य खरोखरच विलक्षण आहे.

परंतु लयकारिकेच्या आतला सामू, म्हणजे आम्लतेचे माप, सुमारे ४.५ ते ५ असतो आणि बाहेरच्या पेशीद्रवाचा सुमारे ७.२, हे अंतर राखण्यासाठी पटलातील प्रथिने ऊर्जा खर्चून हायड्रोजन आयन अखंड आत ढकलत राहतात. भक्षक आणि भक्ष्य यांचे द्रव्य एकच असले, तरी त्यांच्यातील सीमा पेशीला सतत श्रमाने उभी ठेवावी लागते, आणि ती मोठ्या प्रमाणावर कोसळली तर पेशी मरते. हा भेद केवळ व्यावहारिक, म्हणजे व्यवहारापुरता आहे, पारमार्थिक, म्हणजे अंतिम सत्य नव्हे, असे उत्तर सर्व काही एकच ब्रह्म मानणारा अद्वैती देईल, आणि ते तर्काला धरूनच असेल. मात्र मग सूक्ष्मदर्शकाखाली आढळलेले ऐक्यही व्यावहारिकच ठरते, आणि ब्रह्माचा पुरावा म्हणून ते पुढे करता येत नाही.