प्रमाणग्रंथांची यादी

ग्रंथ प्रमाण मानला कीं वाद मिटला, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें खरा वाद तेथूनच सुरू होतो. प्रमाण ग्रंथ कोणते, हें ठरविलें कोणीं?

दौंड तालुक्यांतील केडगांवीं पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचें मराठी भाषांतर केलें. त्यांत ग्रंथ ६६. भीमेपलीकडे शिरूरास अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें होतें. त्या पंथाची यादीही हीच. परंतु वसईच्या वा गोव्याच्या कॅथलिक घरांतील बायबलांत ग्रंथ ७३. मक्काबी वगैरे सात अधिक. यहुद्यांच्या हिब्रू संग्रहांत ते नाहींत, म्हणून ल्यूथरनें १५३४ सालच्या जर्मन बायबलांत ते निराळे काढले. उलट १५४६ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें ते शास्त्रच ठरविले. पुढें १८२६ सालीं ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीनें त्यांच्या छपाईस पैसा न देण्याचें ठरविलें. धर्मशास्त्राच्या सीमा अशा जमाखर्चाच्या वहींतही आंखल्या जातात!

नव्या करारांतील २७ ग्रंथांविषयीं हे पंथ एकमत आहेत. ही यादी अथनासियसच्या इ. स. ३६७ च्या पत्रांत प्रथम नेमकी आढळते. तत्पूर्वीं प्रकटीकरणासारख्या ग्रंथांविषयीं दीर्घकाळ शंका होत्या. प्रेषितांशीं संबंध, परंपरागत श्रद्धेशीं मेळ आणि मंडळ्यांतून होणारें वाचन, हे कस लावले गेले. प्रॉटेस्टंट पंडित म्हणतात, मंडळीनें ग्रंथ पवित्र केले नाहींत, फक्त ओळखले. सराफ सोनें पारखतो, निर्माण करीत नाहीं. दृष्टान्त गोड खरा. पण दोन सराफांचें सात नाण्यांविषयीं जमेना, तर गिऱ्हाइकानें कोणाचें ऐकावें?

१८८३ सालीं वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाईंचा तेथील धर्मभगिनींशीं याच अधिकाराविषयीं वाद झाला. आपण ईश्वरी वचनास बांधलेल्या आहों, चर्चच्या आज्ञेस नव्हे, असा त्यांचा आशय. आतां कोणी म्हणेल, तें वचन एका पुठ्ठ्यांत बांधून त्यांच्या हातीं दिलें चर्चनेंच. मग हा विसंगतपणा नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. वडिलांनीं दिलेला दिवा घेऊन वडिलांचेंच घर तपासतां येतें. शिवाय ज्या परंपरेंत रमाबाई वाढल्या, तींत वेद खरा कीं खोटा या प्रश्नाआधीं तो वाचावा कोणीं हा प्रश्न उभा असे, आणि स्त्रियांना त्याचें उत्तर ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं संस्कृतप्रचुर शब्द टाळून साध्या बायकांना कळेल अशी भाषा पत्करली. खिळे जुळविण्याचें व छापण्याचें काम मुक्तिसदनांतील स्त्रियांनींच केलें. १९२२ सालीं रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.